कमळातल्या भुंग्याला थंडी का वाजत नाही?

संध्याकाळ झाली, कमळाच्या पाकळ्या मिटल्या आणि सुगंधात गुंग झालेला भुंगा आतच अडकला. हा जीव कठीण लाकूड पोखरतो, पण कोवळी पाकळी काही कुरतडत नाही. आप्तांना समोर पाहून विरघळलेल्या अर्जुनाची अवस्था सांगताना ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात हा दाखला येतो. संस्कृत काव्यात तर तो पुन्हा पुन्हा भेटतो. कुणी त्यातून प्रेम सांगितलं, कुणी आसक्तीचा धोका.

कवींनी भुंग्याच्या मनाचा विचार केला, त्याच्या अंगाचा विचार मात्र फार उशिरा झाला. कीटकाचं शरीर आपल्यासारखं स्वतःहून गरम राहत नाही. हवा गार झाली की तोही गारठतो, पाय-पंख जड होतात. मग उघड्या तळ्यावर, पाण्याच्या गारव्यात, एवढासा जीव फुलात रात्र कशी काढत असेल?

याचं उत्तर ऑस्ट्रेलियात सापडलं. ॲडलेड शहराच्या वनस्पती उद्यानातल्या तळ्यात कमळं फुलतात. रॉजर सेमूर आणि पॉल शुल्त्से-मोटेल या संशोधकांनी त्या फुलांच्या आत तापमान मोजणाऱ्या बारीक तारा बसवल्या आणि दिवसरात्र नोंदी घेतल्या. 1996 साली ‘नेचर’मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. बाहेरची हवा 10 अंश सेल्सिअसपर्यंत उतरली, तरी फुलाच्या आतलं तापमान 30 ते 36 अंशांच्या दरम्यानच राहत होतं. एखाद दुसरा तास नव्हे, सलग दोन ते चार दिवस! आणि ही जात काही परदेशी नव्हे. आपल्या तळ्यांत फुलणारं, लक्ष्मीच्या हातात दिसणारं तेच हे कमळ.

म्हणजे भुंगा अडकला होता तो चांगल्या उबदार खोलीत.

पाकळ्यांच्या आतली शेगडी

कमळाच्या मधोमध पिवळी, फुगीर, वरून सपाट चकती असते. आंघोळीच्या शॉवरसारखी तिला भोकं दिसतात आणि प्रत्येक भोकात एकेक बीजांड बसलेलं असतं. ही चकती म्हणजे फुलाची मुख्य शेगडी. एकूण उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी तिच्यातून येते, बाकीची पुंकेसर आणि पाकळ्या पुरवतात. सगळं मिळून एका फुलाची ताकद भरात असताना एका वॉटपर्यंत जाते. रात्री भिंतीवर मिणमिणणाऱ्या छोट्या एलईडी दिव्याएवढी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हा दिवा कुठल्याही तारेला जोडलेला नाही. त्याचं इंधन फुलाने आधीच साठवलेलं आहे: पिष्ट, म्हणजे भातात-बटाट्यात असतो तोच पदार्थ.

वनस्पती तापतात हे त्याआधी अजिबात माहीत नव्हतं असं नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने 1778 साली अळूच्या कुळातल्या एका युरोपीय वनस्पतीचा फुलोरा हाताला गरम लागतो अशी नोंद केली होती. पण तापणं वेगळं आणि तापमान सांभाळणं वेगळं. शेणखताचा ढीगही तापतो. गारठा वाढला म्हणून तो आपली आच वाढवत नाही. कमळ वाढवतं. पक्षी आणि सस्तन प्राण्यांचं वैशिष्ट्य म्हणून शाळेत शिकवलेली गोष्ट चिखलात मुळं रोवून उभ्या असलेल्या वनस्पतीला जमते, हे खरं नवल.

पाट फोडला की ऊब

ही उष्णता तयार कशी होते? त्यासाठी पेशीच्या आत डोकवावं लागेल.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. लांबच्या डोंगरातून आणलेलं पाणी उंचावरून पडतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरतं. आता कल्पना करावी की एकाच पाटावर, उतारावर एकाखाली एक अशा तीन पाणचक्क्या आहेत. पाणी पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर पडतं आणि प्रत्येक ठिकाणी थोडं दळण होतं.

प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. तिथे साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन असेच पायरीपायरीने खाली उतरतात आणि शेवटी प्राणवायूला जाऊन मिळतात. वाटेत तीन पंप लागतात. त्यांच्या कामातून पुढे एटीपी नावाचे रेणू बनतात. एटीपी म्हणजे पेशीची सुटी नाणी. वाढ, दुरुस्ती, वहन, कोणतंही काम असो, मोल याच नाण्यांत चुकवायचं. आपल्या शरीरातही हेच चालतं.

वनस्पतींच्या पेशीत मात्र एक जादा वाट आहे. पहिल्या चक्कीनंतर कुणीतरी पाट फोडावा आणि पाणी उरलेल्या दोन चक्क्या टाळून थेट तळाशी कोसळावं, तशी. हा पाट फोडणारं एक विकर आहे, त्याला पर्यायी ऑक्सिडेज म्हणतात. इलेक्ट्रॉन त्याच्या हाती लागले की ते मधले दोन पंप न चालवता थेट प्राणवायूला मिळतात. दळण होत नाही, नाणी पडत नाहीत. पण ऊर्जा नाहीशी होत नसते. तिची सरळ उष्णता होते.

एरवी ही वाट जेमतेम वापरात असते. तापणाऱ्या कमळात तिला पूर येतो. ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी 2006 साली दाखवलं की हवेपेक्षा 16 ते 20 अंशांनी गरम झालेल्या चकतीत एकूण श्वसनाचा तब्बल 75 टक्के भाग या फोडलेल्या पाटातून वाहत होता. नेहमीच्या वाटेवरचा प्रवाह जवळपास तेवढाच राहिला होता. थोडक्यात, फुलाने आपलं रोजचं काम कमी केलं नाही. वरकड इंधन केवळ उबेसाठी जाळलं.

थंडी वाढली, आच वाढली

रसायनशास्त्राचा साधा नियम असा की उष्णता वाढली की क्रिया वेगाने होतात. दूध उन्हाळ्यात लवकर विरजतं ते यामुळेच. हा नियम कमळाने तसाच पाळला असता तर घोटाळा झाला असता. दुपारी आच वाढून फूल शिजलं असतं आणि रात्री, जेव्हा गरज खरी, तेव्हा शेगडी विझली असती.

कमळात घडतं ते उलट. हवा गार होते तसा त्याचा श्वास वाढतो, प्राणवायू जास्त ओढला जातो. हवा तापली की श्वास मंदावतो. इस्त्री पुरेशी तापली की तिचा लाल दिवा विझतो आणि निवली की पुन्हा लागतो, तसंच काहीसं. फक्त इस्त्रीत एकच थर्मोस्टॅट असतो. फुलाला ना मेंदू ना मज्जातंतू, त्यामुळे त्याची प्रत्येक तापणारी पेशी स्वतःच स्वतःचा थर्मोस्टॅट असते. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की पेशीतली उष्णतेची साखळी आपोआप आखडते.

या बाबतीत कमळाहून धिप्पाड गडी ब्राझीलचा आहे. बागेत शोभेसाठी लावतात त्या फिलोडेन्ड्रॉनच्या एका मोठ्या पानांच्या जातीवर 1972 साली नेगी, ओडेल आणि सेमूर यांनी काम केलं. हवा 4 अंश असो की 39, त्याच्या फुलोऱ्याचा गाभा 38 ते 46 अंशांच्या दरम्यान राहिला. बाहेर 10 अंश असताना जेमतेम 125 ग्रॅमचा फुलोरा सुमारे 9 वॉट उष्णता देतो. घरातल्या नेहमीच्या एलईडी बल्बवर हाच आकडा छापलेला असतो. सेमूर यांच्या हिशेबाने तीन किलोचं मांजर साधारण एवढीच उष्णता निर्माण करतं! ही वनस्पती पिष्टाऐवजी स्निग्ध पदार्थ जाळते. नवजात बाळाच्या पाठीत, खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबीचा साठा असतो आणि ती जाळून बाळ गरम राहतं. फिलोडेन्ड्रॉन आणि तान्हं बाळ या बाबतीत एकाच वाटेने जातात.

चौकट : कमळ की कुमुद?

*आपण पाण्यातल्या बहुतेक फुलांना कमळच म्हणतो. पण कुमुद हे वेगळ्या कुळातलं फूल. ओळखायची सोपी खूण पानात आहे. कुमुदाचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. कमळाचं पान चीर नसलेलं, गोल, बहुधा पाण्याच्या वर उचललेलं. त्यावर थेंब मोत्यासारखे घरंगळतात. फुलात मधोमध शॉवरसारखी चकती दिसली तर ते कमळ. कुमुदाच्या कुळातही तापणारी मंडळी आहेत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या परातीएवढ्या पानांच्या व्हिक्टोरियाचं फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं, गरम आणि घमघमणारं असतं. भुंगेरे आत शिरतात, फूल त्यांना घेऊन मिटतं. दुसऱ्या संध्याकाळी ते गुलाबी होऊन उघडतं आणि परागांनी माखलेले भुंगेरे बाहेर पडतात.*

ऊब कोणासाठी?

एवढं इंधन जाळून फुलाला मिळतं काय?

पहिलं कारण वासाचं. उदबत्तीचा वास ती पेटवल्यावर दरवळतो, अत्तर मनगटाच्या उबेवर खुलतं. फुलातले सुगंधी रेणूही उष्णतेने लवकर हवेत उडतात आणि दूरवर पोहोचतात.

दुसरं कारण पाहुण्याच्या सोयीचं. उडण्याआधी कीटकाच्या पंखांचे स्नायू तापावे लागतात. डिसेंबरच्या पहाटे जुना ट्रॅक्टर सुरू करताना होते तशी कीटकाची कुतरओढ गारठ्यात होते, आणि त्यात त्याचं साठवलेलं बळ खर्ची पडतं. फ्रेंच गयानाच्या जंगलात सेमूर आणि सहकाऱ्यांनी फिलोडेन्ड्रॉनच्या फुलोऱ्यात रात्री मुक्काम करणारे भुंगेरे तपासले. फुलाबाहेर तेवढीच हालचाल करायला त्यांना फुलातल्यापेक्षा 2 ते 4.8 पट ऊर्जा लागली असती. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे फूल मधाऐवजी उबेचं दान देतं. हे भुंगेरे आपल्याकडे उसाला छळणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यांचे भाऊबंद आहेत. वळवाच्या पहिल्या पावसानंतर बाभळी-कडुलिंबावर जमणारे तपकिरी भुंगेरे शेतकऱ्याला वेगळे ओळखून द्यावे लागत नाहीत.

कमळात मुक्कामाचं वेळापत्रक फार हुशारीने बांधलेलं आहे. फूल आधी स्त्री असतं, मग पुरुष. सुरुवातीला पाकळ्या थोड्याच उघडतात आणि चकतीतली कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारी टोकं, तयार असतात. दुसऱ्या फुलावरून आलेला कीटक तिथे पराग सोडतो. फूल मिटतं, रात्र उबेत जाते. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात तोवर या फुलाचे स्वतःचे पराग सुटलेले असतात आणि पाहुणा ते अंगावर घेऊन दुसरीकडे निघतो. स्वतःच्या परागांनी स्वतःचंच बीज धरण्याचा धोका असा टळतो.

पण ही गोष्ट इतकी सरळही नाही. चीनमध्ये कमळांच्या तळ्याकाठी बसून संशोधकांनी पाहिलं तेव्हा फुलांवर भुंगेऱ्यांऐवजी मधमाश्या आणि माश्याच जास्त आल्या, आणि त्या उबेसाठी मुक्काम करणाऱ्या नव्हेत. मग कमळ तापतं कशाला? 2009 साली त्यांनी मांडलं की ऊब फुलाच्या स्वतःच्याही उपयोगाची आहे. कुक्षीवर पडलेल्या परागकणाला कोंब फुटावा लागतो. त्यातून निघालेली नळी बीजांडापर्यंत पोहोचली तरच बी धरतं. तिशीतल्या तापमानात हे काम चांगलं होतं. बी पेरल्यावर जमिनीत ऊब हवी, तशीच परागालाही हवी. दोन्ही कारणं एकत्र खरी असायला काहीच हरकत नाही. जुन्या काळी ऊब पाहुण्यांसाठी सुरू झाली असेल आणि पुढे घरच्या कामालाही आली असेल.

पराग सुटले की शेगडी विझते. पाकळ्या गळतात. मग त्या पिवळ्या चकतीचा रंग पालटू लागतो आणि ती हिरवी होते. आजवर साठा जाळणारा हा अवयव आता पानासारखा उन्हावर अन्न तयार करतो, पोटातल्या कमळबियांसाठी.

शेवळाच्या घरातली मंडळी

तापणाऱ्या फुलांचं सर्वांत मोठं घराणं मात्र कमळाचं नाही. ते आहे अळू-सुरणाचं. आणि त्यातल्या एकाला तर कोकणातली माणसं दरवर्षी ताटात घेतात.

मे संपता संपता ठाणे-रायगडच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जमिनीतून वर आलेला हा लांबट कोंब पानाचा वाटतो, पण तो फुलोरा असतो. सुरणाच्याच प्रजातीतल्या, पश्चिम घाटातल्या वनस्पतीचा. साफ करताना आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात, नाहीतर घशाला खाज सुटते. ते दाणे म्हणजेच या वनस्पतीची खरी फुलं, दांड्याला गच्च चिकटलेली. उरलेल्याची आंबट काकडं घालून भाजी करतात.

सुरणाचा फुलोरा चांगलाच तापतो आणि सडक्या मांसासारखा वास सोडतो. कुजणाऱ्या मढ्यावर अंडी घालणाऱ्या माश्या-भुंगेऱ्यांना ती ऊब आणि तो वास मिळून ताज्या मढ्याचा भास होतो. सुमात्रा बेटावरच्या महाकाय सुरणाचा फुलोरा तीन मीटरपर्यंत उंच होतो आणि त्याच्या दांड्याचं टोक 36 अंशांवर जातं.

याच कुळातल्या, सह्याद्रीतही आढळणाऱ्या सॉरोमॅटम नावाच्या वनस्पतीने शास्त्रज्ञांना पन्नास वर्षं कोड्यात टाकलं होतं. तिचा दांडा ठरलेल्या दिवशी हवेपेक्षा बारा-चौदा अंशांनी तापतो. ‘आता पेटव’ हा निरोप त्याला कोण देतं? नेदरलँड्सच्या व्हान हर्क यांनी 1937 साली सुचवलं होतं की नरफुलांतून एखादं रसायन निघत असावं. ते रसायन 1987 मध्ये ओळखलं गेलं: सॅलिसिलिक आम्ल. फुलण्याच्या आदल्या दिवशी त्याचं प्रमाण जवळजवळ शंभर पटीने वाढतं. ताप उतरवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाणारी ॲस्पिरिनची गोळी याच आम्लापासून बनते. माणसाचा ताप उतरवणाऱ्या औषधाचा हा मूळ रेणू या फुलाला ताप चढवतो!

अळूच्याच कुळात उत्तर अमेरिकेतला स्कंक कॅबेज आहे. हिवाळा सरता सरता तो फुलतो तेव्हा जमिनीवर बर्फ असतं. त्याचा फुलोरा सुमारे दोन आठवडे हवेपेक्षा 15 ते 35 अंशांनी गरम राहतो आणि भोवतालचं बर्फ वितळून त्याच्याभोवती आळं तयार होतं. जपानमधल्या त्याच्या भावाला तिथले लोक ध्यानाला बसलेल्या साधूच्या नावाने ओळखतात. बर्फात, आवरणाच्या कोनाड्यात बसलेला तो गोल दांडा पाहिला की नाव पटतं.

उसनी ऊब

प्रत्येकीला शेगडी पेटवणं परवडत नाही. बहुतेक वनस्पती सूर्याची ऊब वापरतात, पण ती घेण्याची तऱ्हा शिकण्यासारखी आहे.

कॅनडाच्या अतिउत्तरेकडे काही छोटी फुलं दिवसभर सूर्यामागे तोंड फिरवतात. त्यांची पाकळ्यांची वाटी डिश अँटेनासारखी प्रकाश मध्यभागी गोळा करते आणि बीजांडकोश हवेपेक्षा गरम राहतो. सूर्यफुलाबद्दलही आपली तशीच समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. कोवळं रोप सूर्यामागे वळतं. पण फूल उमललं की ते पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतं. लातूर-सोलापूरकडच्या सूर्यफुलाच्या शेतात संध्याकाळी पश्चिमेकडून गेलं तर सगळ्या फुलांची पाठच दिसते. 2016 साली अमेरिकेत काही कुंड्या पश्चिमेकडे फिरवून पाहिल्या. सकाळी लवकर तापणाऱ्या पूर्वमुखी फुलांवर पाच पटीपर्यंत जास्त कीटक आले.

आणि ऊन जास्त झालं तर?

इथपर्यंत सगळी गोष्ट थंडीशी झुंजण्याची झाली. आपल्या शेतकऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा उलटं असतं.

फुलाचा सर्वांत नाजूक काळ म्हणजे पराग तयार होण्याचा आणि रुजण्याचा. भाताचं फूल तासाभरासाठी उघडतं. त्या तासात तापमान 35 अंशांवर गेलं तर दाणा भरत नाही, पळींज राहतो. पीक हिरवंगार दिसतं, लोंबी मात्र हलकी निघते. म्हणूनच काही रानटी भातं पहाटेच फुलून मोकळी होतात, आणि तो गुण लागवडीच्या भातात आणण्याचे प्रयत्न संशोधकांनी केले आहेत.

ऊन टाळता आलं नाही तर उपाय एकच, घाम. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने पान गार होतं. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ बाहेर पडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. अडचण पाणी कमी असतानाची. छिद्रं उघडी ठेवली तर रोप वाळतं, मिटली तर तापतं.

अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या रॉन मिट्लर यांच्या गटाने 2022 साली सोयाबीनवर हीच कात्री लावून पाहिली. नियंत्रित खोल्यांत रोपांना एकाच वेळी उष्णता आणि पाण्याची टंचाई दिली. पानांनी छिद्रं मिटून घेतली, अपेक्षेप्रमाणे. पण त्याच रोपावरच्या फुलांनी छिद्रं उघडीच ठेवली. पानं तापत राहिली, फुलांना घाम येत राहिला आणि फुलांचं आतलं तापमान दोन-तीन अंशांनी खाली राहिलं. रोपाने असलेलं थोडं पाणी पानांकडून काढून फुलांना दिलं.

दोन-तीन अंश किती, असा प्रश्न मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनवाल्याला पडणार नाही. जूनच्या अखेरीला पेरलेलं सोयाबीन जुलै-ऑगस्टमध्ये फुलावर येतं आणि नेमकी तेव्हाच पावसाने ओढ द्यावी, हे त्याने पुष्कळदा भोगलेलं आहे. दुपारी पानं मलूल होऊन उलटी पडतात, बांधावरून शेत पांढुरकं दिसतं. त्या मलूल पानांच्या काखेत लपलेली बारीक जांभळी फुलं तेव्हा आपल्या वाट्याचं पाणी घामावाटे खर्च करत असतात. मुळांच्या पट्ट्यात ओल शिल्लक असेपर्यंतच त्यांना ते जमतं. ती संपली की फुलाचीही छिद्रं मिटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाडाखाली फुलांचा सडा दिसू लागतो. विहिरीत थोडंच पाणी असेल तर ते पीक फुलावर असताना द्यावं, हा जुन्या शेतकऱ्यांचा आग्रह त्याच चार-आठ दिवसांसाठी असतो.